धोका पडद्यावर, माणूस जमिनीवर

पडद्यावर कोणी कड्यावरून उडी मारली की आपला श्वास रोखला जातो. पुढे बातमी येते की नटाने ही उडी 'डुप्लिकेट न वापरता' स्वतः मारली, आणि कौतुक दुप्पट होते. या कौतुकाविषयीच आम्हांला शंका आहे. कॅमेरा प्रकाश टिपतो. जोखीम टिपत नाही. प्रेक्षकाला वाटणारी भीती चौकट, कोन, वेग आणि तुकड्यांची जोडणी यांतून तयार होते. नट खरोखर किती संकटात होता, याचा तिच्याशी फारसा संबंध नसतो. मराठी मुलखातील तीन उदाहरणे शेजारी ठेवून हे तपासता येईल.

पहिले उदाहरण दादासाहेब फाळके यांच्या 'कालिया मर्दन' (१९१९) या मूकपटाचे. यात कृष्ण झाली आहे फाळक्यांची सुमारे सात वर्षांची कन्या मंदाकिनी. नदीत उडी, पाण्याखाली नागाशी झटापट आणि शेवटी फण्यावरचे नृत्य, एवढे सारे एका लहान मुलीकडून! पाण्याखालची झटापट खऱ्या डोहात घेतलेली नाही, हे आज पाहताना सहज कळते. तरीही आपण त्या मुलासाठी धास्तावतो, कारण फाळके मध्येमध्ये काठावरच्या भेदरलेल्या माणसांकडे नेतात आणि आपली भीती त्यांच्या चेहऱ्यांवर वाचायला देतात. चित्रपटाच्या आरंभी मंदाकिनीच्या चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव मुद्दाम दाखवले आहेत. हा अभिनय आहे, हे प्रेक्षकाला आधीच सांगितलेले असते आणि त्याने रस जराही कमी होत नाही. फाळके स्वतः जादूचे प्रयोग करत आणि आपले आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' म्हणवून घेत. चित्रपट कसे तयार करतात यावरही त्यांनी १९१७ मध्ये एक लघुपट काढला होता. युक्ती उघड केली तरी करमणूक टिकते, हा विश्वास त्यांच्या कामात दिसतो.

दुसरे उदाहरण व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) चे. मोकाट सुटलेल्या बैलाशी झुंजण्याचा प्रसंग शांताराम यांनी स्वतः केला आणि त्यात त्यांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. काही काळ त्यांची दृष्टीच धोक्यात आली होती. या अनुभवाचा उल्लेख त्यांनी पुढे 'नवरंग' (१९५९) च्या आरंभी केला. चित्रपट थोर आहे, याबद्दल वाद नाही. पण आमचा प्रश्न असा, की त्या इजेने चित्रात कशाची भर पडली? ज्याला ही हकिकत ठाऊक नाही, त्याला तो प्रसंग तितकाच चित्तथरारक वाटतो. म्हणजे किंमत मोजली गेली, पण तिच्या बदल्यात पडद्यावर काही आले नाही.

तिसरे उदाहरण मालेगावचे. तेथील नासिर शेख आणि त्यांचे सहकारी यांनी अगदी तुटपुंज्या पैशांत गाजलेल्या चित्रपटांच्या विनोदी नकला काढल्या. त्यांच्या सुपरमॅनची जन्मकथा फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटात पाहायला मिळते. कॅमेऱ्याच्या गाडीऐवजी सायकल, क्रेनऐवजी बैलगाडी आणि आकाशाऐवजी हिरवे कापड. संगणक चित्रातील हिरवा रंग वगळून तेथे आकाश बसवतो आणि जमिनीपासून फारसा वर न गेलेला माणूस ढगांतून उडू लागतो. ही कल्पकता मनापासून दाद देण्याजोगी आहे. मात्र याच माहितीपटात चित्रीकरण चालू असताना कॅमेरा पाण्यात पडतो. प्रेक्षक हसतात. आम्हांला तेथे हसू येत नाही. जेथे कॅमेरा निसटतो, तेथे माणूसही निसटू शकतो. जुगाड आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माहितीपटाने अधिक ठळकपणे दाखवायला हवे होते.

आता या युक्त्यांमागचे विज्ञान पाहू. ६ मीटर उंचीवरून पडणारी वस्तू सुमारे १.१ सेकंदात जमिनीवर येते, तेव्हा तिचा वेग ताशी ३९ किलोमीटर असतो. थांबताना शरीरावर येणारे सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या किती पट, हे ढोबळपणे काढणे सोपे आहे: पडण्याची उंची भागिले थांबण्यासाठी मिळालेले अंतर. १ मीटरवरून पडून २ सेंटिमीटरमध्ये थांबलो तर ५० पट. ३० सेंटिमीटर दबणाऱ्या गादीवर पडलो तर सुमारे ३ पट. पण ६ मीटरवरून त्याच गादीवर पडलो तर २० पट, तेही गादी तळाला टेकली नाही तरच. 'खाली गादी आहे' हे आश्वासन किती पोकळ आहे, ते या भागाकारातून दिसते. म्हणून जाणता दिग्दर्शक उडीचे तुकडे करतो: काठावरचे पाय, वरून खाली झपाट्याने फिरणारा कॅमेरा, आणि गवतावर लोळण घेणारा नट. मधली उडी प्रेक्षकच मनात जोडून घेतो.

अंगावर येणाऱ्या वाहनाचेही तसेच. वाहन माणसाच्या १५ मीटर मागे उभे आहे असे समजू. कॅमेरा माणसापासून ५ मीटरवर असेल तर वाहन २० मीटरवर, म्हणून ते एक चतुर्थांश आकाराचे दिसते. तोच कॅमेरा ६० मीटर मागे नेऊन दूरचे भिंग वापरले, तर प्रमाण ६० ला ७५, म्हणजे चार पंचमांश होते. वाहन जणू पाठीला टेकले आहे असे वाटते, आणि ते जागचे हललेलेही नसते.

हे सारे शिक्षकांनी का सांगायचे? कारण आता प्रत्येक घरात कॅमेरा आहे. आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, खुलताबादजवळच्या सुलीभंजन येथे, जून २०२४ मध्ये मोबाइलवर चित्रीकरण चालू असताना मोटार मागे जाऊन दरीत कोसळली आणि ती चालवणाऱ्या व्यक्तीचा जीव गेला. तो स्टंटसुद्धा नव्हता. साधी चित्रफीत होती. दरी मात्र खरी होती. मुलांच्या हाती पडणाऱ्या चित्रफितींत युक्ती लपवलेली असते, आणि फसलेले प्रयत्न सहसा दिसतच नाहीत. केवळ 'असे करू नका' या दटावणीने भागत नाही. कसे केले आहे हे कळले, तर ते खरोखर करून पाहण्याची ओढ बरीचशी ओसरते.

वर्गात एखादा साहसी प्रसंग दाखवावा आणि तीन प्रश्न विचारावेत. चित्र किती वेळा तुटले? कॅमेरा कोठे होता? नट आणि धोका एकाच तुकड्यात एकत्र दिसले का? नंतर भिंतीवर चढणारा माणूस मुलांनीच तयार करावा: नट फरशीवर पालथा सरपटेल आणि मोबाइल वरून आडवा धरला जाईल. सदऱ्याचे टोक भलत्याच दिशेला का लोंबते, हे ज्याला ओळखता येईल, त्याला गुरुत्वाकर्षणही कळले आणि चित्रपटही. उंची, पाणी, आग, रस्ता आणि रेल्वेमार्ग यांना या प्रयोगात थारा नाही. त्यांची गरजही पडत नाही.