हरिभाऊ आणि साप्ताहिकाचा तगादा

हरिभाऊ आपट्यांविषयीं लिहूं लागलें कीं आमचा टीकाकार पहिल्या परिच्छेदांत त्यांस मराठी कादंबरीचे जनक म्हणतो आणि दुसऱ्या परिच्छेदांत त्यांच्या पाल्हाळाची तक्रार मांडतो. पाल्हाळाचें कारणहि ठरलेलें आहे : ‘करमणूक’ पत्राचा अंक दर आठवड्यास भरावा लागे, मजकूर कमी पडे, आणि ती उणीव भरून काढण्यासाठीं यमूला किंवा यशवंतरावाला आणखी चार पानें खर्चीं घालावीं लागत. हा सिद्धांत आम्हीं स्वतः वर्गांत वीस-बावीस वर्षें शिकविला आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत तो आमच्याच शब्दांत परत आलेला पाहून संतोषहि मानला आहे. आज तो आम्हांस अर्धाच खरा वाटतो, आणि त्या अर्धवट सत्यानें एक-दोन ठिकाणीं तरी प्रत्यक्ष नुकसान केलें, अशी खंत वाटूं लागली आहे.

हरिभाऊंचा जन्म १८६४ सालचा, खानदेशांतील पारोळ्याचा. पुढें बहुतेक आयुष्य पुण्यांत गेलें. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ सालीं वारले तेव्हां हा अठरा वर्षांचा विद्यार्थी होता. त्यानें ‘शिष्यजनविलाप’ नांवाचें काव्य लिहिलें व तें छापून निघालें. त्यानंतर आगरकरांनीं केलेल्या हॅम्लेटच्या रूपांतरावर, म्हणजे ‘विकारविलसिता’वर, त्यानें लांबलचक टीका लिहिली. कॉलेजांत पदवी मात्र मिळाली नाहीं. ज्यांचा जन्म पदवी देणाऱ्या संस्थांत गेला त्यांनीं ही गोष्ट जरा हळूच सांगावी हें बरें! १८८५ सालीं ‘मधली स्थिति’ ही पहिली कादंबरी ‘पुणेंवैभव’ पत्रांतून येऊं लागली त्या वेळीं ग्रंथकर्त्याचें वय एकवीस वर्षांचें होतें.

ही कादंबरी आज कोणी हौसेनें वाचील असें आम्हांस वाटत नाहीं. तींत रेनॉल्ड्सची छाया आहे, आणि उपदेशकाची काठी पानोंपानीं वाजते. तिच्या पाठोपाठची ‘गणपतराव’ तर अपुरीच राहिली. आमच्याकडे असें हस्तलिखित कोणी विद्यार्थी घेऊन आला असता तर आम्हीं काय म्हटलें असतें हें आम्हांस पक्कें ठाऊक आहे : ‘गुण आहे, पण घाई करूं नका. पांच-सात वर्षें वाचन करा, लेखणी मुरूं द्या, मग पाहूं.’ हरिभाऊंना असें सांगणारा कोणी भेटला नसावा, किंवा भेटला तरी त्यांनीं ऐकलें नाहीं. १८९० सालीं, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, त्यांनीं स्वतःचें ‘करमणूक’ काढलें आणि त्यांतून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ सुरू केली. ‘मधली स्थिति’ आणि ही कादंबरी यांच्या मध्यें अवघीं पांच वर्षें आहेत. परंतु गुणांचें अंतर मोजावयाचें तर पांच वर्षांचें माप पुरत नाहीं. हें अंतर त्यांनीं मौन धरून कापलें नाहीं. तें चारचौघांच्या देखत, चुका छापून घेत कापलें.

आतां पाल्हाळाचा प्रश्न. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० पासून १८९३ पर्यंत चालली. यमू स्वतःच आपली हकीकत सांगते : माहेरचें घर, आजी, दादा, बाहुल्यांचे खेळ, मग सासरचा जांच, मग मुंबईचा थोडक्या दिवसांचा सुखाचा संसार. एका बैठकींत वाचणाऱ्यास यांतील कांहीं प्रकरणें खरोखरच लांबतात. परंतु ही कादंबरी एका बैठकींत वाचण्यासाठीं लिहिलेलीच नव्हती. अंक घरांत यावा, एकानें तो वाचावा आणि हातांतलें काम न सोडतां चौघांनीं ऐकावा, अशा घरांसाठीं ती लिहिलेली होती. जवळजवळ तीन वर्षें यमू त्या घरांत येत-जात राहिली. तिच्या बोलण्याची लकब, तिचें मधेंच थांबणें, सांगून झालेली गोष्ट पुन्हां आठवून सांगणें, हें सर्व शेजारणीच्या बोलण्यासारखें ओळखीचें होऊन गेलें. आणि मग नवरा वारल्यावर तिचें केशवपन होतें. तो प्रसंग परक्या नायिकेवर आलेला नसतो. आपल्याकडे नेहमीं येणाऱ्या मुलीवर आलेला असतो. लांबण नसती तर ही ओळख झाली नसती, आणि ओळख नसती तर तो घाव इतका खोल गेला नसता. हरिभाऊंनीं हें योजून केलें कीं साप्ताहिकाच्या तगाद्यानें त्यांच्याकडून करवून घेतलें, याचा निवाडा आम्ही करूं शकत नाहीं. पण फळ समोर आहे.

याचा अर्थ तगादा सर्वत्र फळला असा मात्र नव्हे. ‘यशवंतराव खरे’ आणि ‘मी’ या दोन कादंबऱ्या कांहीं काळ एकाच वेळीं चालू होत्या. पहिली वाचतांना लेखकाचें चित्त दुसरीकडे गुंतल्याचा भास ठिकठिकाणीं होतो. ‘मी’ ही मात्र, आमच्या मतें, विचारांच्या दृष्टीनें त्यांची सर्वांत धीट कृति आहे. ऐतिहासिक कादंबऱ्यांत तोटा अधिक. ‘उषःकाला’तील रहस्यें आणि वेषांतरें पुढच्या अंकाची उत्कंठा लावण्याचें काम चोख करतात, पुस्तक होतांच तींच यंत्रें कुरकुरूं लागतात. अखेरच्या काळांतील ‘कर्मयोग’ तर पुरी झालीच नाहीं. ज्याला दर आठवड्यास द्यावयाचें आहे तो केव्हां तरी हातचें राखल्यावांचून देऊन बसतो, हें खरेंच.

तथापि या सर्व व्यवहारांत एक गोष्ट आमचे साहित्याचे इतिहास फारशी बोलून दाखवीत नाहींत, ती म्हणजे पोटाची व्यवस्था. हरिभाऊंचे काका महादेव चिमणाजी आपटे यांनीं पुण्यास आनंदाश्रम ही संस्कृत ग्रंथ छापून प्रसिद्ध करणारी संस्था स्थापिली, आणि तिची व्यवस्था हरिभाऊंनीं आयुष्यभर पाहिली. म्हणजे राहण्यास जागा, करण्यास नेमस्त काम, आणि ग्रंथ कसा जुळतो, कसा तपासला जातो, कसा बांधला जातो याचें रोजचें ज्ञान. प्रतिभा देवाच्या घरची असेल. मुद्रितें तपासण्याची संवय मात्र आनंदाश्रमाच्या आवारांतली. ‘करमणूक’ पाव शतकाहून अधिक काळ चाललें त्याचें श्रेय केवळ कल्पनाशक्तीस देणें हा त्या आवारावर अन्याय होईल.

विष्णुशास्त्र्यांचा मार्गहि फारसा वेगळा नव्हता. सरकारी शाळेंतील मास्तरकी करीत असतांना १८७४ सालीं त्यांनीं ‘निबंधमाला’ काढली आणि ८४ अंक बहुतांशीं एकट्याच्या हातानें लिहिले. वयाचीं बत्तीस वर्षें पुरीं होण्याच्या आंत हा मनुष्य गेला. तो मुरण्याची वाट पाहत बसला असता तर आमच्या हातीं काय राहिलें असतें?

उलट बाजूस केशवसुत उभे राहतात. कोंकणांतल्या मालगुंडचा हा मास्तर. हातीं मासिक नाहीं, पाठीशीं संस्था नाहीं, नोकरी आज या गांवीं तर उद्यां त्या गांवीं. त्यांच्या कविता ‘करमणुकीं’त, जळगांवच्या ‘काव्यरत्नावली’त, ‘मनोरंजना’त सुट्या-सुट्या येत राहिल्या. १९०५ सालीं हुबळीस प्लेगनें त्यांचा अंत झाला तोंवर त्यांचें एकहि पुस्तक निघालें नव्हतें. मृत्यूनंतर दहा-बारा वर्षांनीं त्यांच्या कवितांचा संग्रह लोकांपुढें आला, आणि तो प्रसिद्ध करणारे गृहस्थ कोण, तर हरिभाऊ आपटे! ज्याच्याजवळ जागा होती त्यानें ज्याच्याजवळ नव्हती त्याला ती दिली. ‘चांगलें लेखन आपली वाट आपणच काढतें’ असें म्हणणाऱ्यांनीं हा मधला काळ एकदां बोटांवर मोजून पाहावा. त्या सुट्या अंकांत कविता छापून आल्याच नसत्या, तर काढावयास वाट तरी कोठली होती? केशवसुतांनीं मासिकांकडे पाठविलें म्हणून हरिभाऊंस प्रसिद्ध करतां आलें. पेटींत ठेविलें असतें तर प्लेगाच्या धांदलींत तें केव्हां नाहींसें झालें असतें, हें कळलेंहि नसतें.

आतां त्या नुकसानीविषयीं. सुमारें वीस वर्षांपूर्वीं आमचा एक विद्यार्थी कथांची वही घेऊन घरीं आला. पुढें तोहि कोंकणांतल्या एका शाळेंत शिक्षक झाला. वहींत अकरा गोष्टी होत्या. दोन-तीन ठिकाणीं भाषा अशी सहज चालली होती कीं आम्हांस किंचित् हेवा वाटला, हें आज कबूल करण्यास हरकत नाहीं. आमचें स्वतःचें पहिलें हस्तलिखित एका प्रकाशकानें दोन वर्षें ठेवून, बहुधा दोरीहि न सोडतां, परत केलेलें होतें. तो डंख मनांत असल्यामुळें आम्हीं त्यास मोठ्या कळवळ्यानें तोच ठराविक उपदेश केला. ‘दिवाळी अंकांच्या मागें लागूं नका, मागणीप्रमाणें लिहिणाऱ्याचा हरिभाऊ होतो, पाल्हाळ सुटतो.’ असें अगदीं उदाहरण देऊन सांगितलें! विद्यार्थी आज्ञाधारक होता, हेंच त्याचें दुर्दैव. गेल्या वैशाखांत एका लग्नांत तो भेटला. केंस पांढरे झालेले. वहीचें काय झालें म्हणून विचारलें तर हंसून म्हणाला, ‘सर, आहे कीं माळ्यावर. मुरतेय.’ त्यांत टोमणा नव्हता. असता तर आम्हांस बरें वाटलें असतें.

घरीं आल्यावर आम्हीं ‘पण लक्षांत कोण घेतो?’ पुन्हां काढली आणि या वेळीं मुद्दाम आठवड्यास एक-दोन प्रकरणें एवढीच वाचली. वर जें पाल्हाळाविषयीं लिहिलें तें त्या वाचनाचें फळ आहे. नंतर त्या शिक्षकास पत्र घातलें : वहींतली पहिली गोष्ट, आहे तशी, एकही शब्द न बदलतां, एका दिवाळी अंकाच्या संपादकांकडे पाठवावी, परत आली तर दुसऱ्याकडे पाठवावी, आणि दुसरी गोष्ट त्या मुदतींत उतरवून तयार ठेवावी. पदरचे पैसे घालून पुस्तक काढूं काय, असें त्यानें उलट विचारलें. आम्हीं नको म्हणून कळविलें. पुस्तकाच्या गठ्ठ्यास वाचक शोधावा लागतो. अंकास तो आधींच असतो.

परवां त्याचें उत्तर आलें. माळ्यावरून वही काढली. दोन गोष्टी वाळवीनें खाल्ल्या, एकीचीं मधलीं पानें गेलीं आहेत. उरलेल्या आठ तो रोज रात्रीं उतरवून काढीत आहे.