मास्तर गप्प का?

खरं सांगतो दोस्तांनो, नारायण सुर्व्यांची ती कविता पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक बाजूला टाकलं. धंदा करणारी एक बाई पोराला शाळेत घालायला आलीय, बापाच्या नावाचा प्रश्न आहे, आणि ती मास्तरांशी बोलतेय. बस्स. म्हटलं, असं तर आमच्या नळावर बाया रोज बोलतात. ह्यात कवीनं काय केलं?

तेव्हा मी सूतगिरणीत रिंगखात्यात नवा लागलो होतो. कविता म्हणजे शाळेच्या पुस्तकातली, नाहीतर सभेत घोषणेसारखी म्हणायची, एवढंच ठाऊक. वहीत सूर्य, ज्वाला, वादळं खच्चून भरलेली. माझी आय 'न्हाई', 'व्हय' बोलते. पण कवितेत मी तिला शुद्ध बोलायला लावायचो. लाज वाटायची, दुसरं काय.

एका रात्रपाळीत धागे सांधता सांधता ती बाई डोक्यात परत बोलायला लागली आणि ध्यानात आलं, बोलतेय ती एकटीच. मग मास्तर कुठाय? च्यायला, त्या खुर्चीत तर मी बसलोय! पुढ्यात कोरा रकाना, हातात पेन. उत्तर मला द्यायचंय. कवीनं मध्येच समाजाच्या नावानं भाषण ठोकलं असतं, तर मी टाळ्या वाजवून मोकळा झालो असतो.

सुर्वे स्वतः रस्त्यावर सापडलेलं पोर. गिरणीकामगार गंगाराम सुर्व्यांनी नाव दिलं. पुढे ते शाळेत शिपाई झाले, मग मास्तर. टेबलाच्या दोन्ही बाजू त्यांना ठाऊक. आपल्यातले काहीजण म्हणतात, सुर्वे लाल बावट्याचे, आपले नव्हेत. तो वाद जरूर घाला. पण ढसाळांच्या 'गोलपिठा'नं १९७२ साली तिथली बोली कवितेत आणली म्हणून आपण छाती काढतो, आणि इथं एक बाई साधं बोलली की कान बंद?

माझी एक तक्रारही आहे. बाई मास्तरांवर फार भरवसा टाकते. माझं नाव घालायला आय गेली, तेव्हा आडनाव ऐकून समोरच्याचा चेहरा पालटला होता. जातीच्या रकान्यापुढचं ते गप्प बसणं निराळं. ती कविता मी चारदा लिहिली, चारदा फाडली. शेवटी आयलाच विचारलं, तवा तू काय बोलली होतीस?

म्हणाली, "बोलू कुठं दिलं?"