रिकिबीत अडकलेला इतिहास

‘खोगीरभरती’ हा शब्द मराठी समीक्षकाच्या ओठांवर सदैव असतो. त्या खोगिराच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या रिकिबीकडे मात्र साहित्यविचाराची दृष्टी क्वचितच वळते. घोड्यावर मांड ठोकणाऱ्याने पाय टेकवायचे ते हे लोखंडी कडे. एवढीशी वस्तू, परंतु तिच्या आधारावर एका विद्वान इतिहासकाराने युरोपची अवघी सरंजामशाही उभी केली, आणि वाचकांनी ती उभी राहिलेली पाहिलीही. हे कसे घडले, याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

लिन व्हाइट हे नाव आमच्या काही वाचकांना वेगळ्या संदर्भात ठाऊक असेल. पर्यावरणाच्या संकटाची मुळे पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहेत, असा आरोप करणारा त्यांचा निबंध १९६७ साली गाजला. त्याच निबंधात त्यांनी असिसीकर संत फ्रान्सिस यांना पर्यावरणवाद्यांचे आश्रयदाते मानावे, अशी सूचना केली होती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ मध्ये संत फ्रान्सिस यांना पर्यावरणाचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. त्या निबंधाच्या पाच वर्षे आधी, १९६२ मध्ये, व्हाइट यांचा ‘मिडीव्हल टेक्नॉलॉजी अँड सोशल चेंज’ हा ग्रंथ आला. त्याचे पहिले प्रकरण रिकिबीचे आहे.

त्या प्रकरणाचा युक्तिवाद असा. रिकिबीविना स्वाराचा आघात त्याच्या दंडातील बळाएवढाच. रिकीब आली, तिला उंच पाठीच्या खोगिराची जोड मिळाली, आणि काखेत घट्ट धरलेल्या भाल्यामागे धावत्या घोड्याचे सारे वजन उभे राहिले. असा स्वार पोसणे महाग. त्याला घोडे हवेत, चिलखत हवे, आणि लहानपणापासूनचा सराव हवा. म्हणून आठव्या शतकात चार्ल्स मार्टेल याने ख्रिस्तसभेच्या जमिनी घेऊन त्या स्वारीच्या अटीवर आपल्या माणसांना वाटल्या. त्यांतून सरदार, त्यांतून सरंजामशाही, त्यांतून शौर्याचा आणि कुलीनतेचा तो सारा आचार. हाइनरिख ब्रुनर या जर्मन पंडिताने १८८७ मध्ये याच बदलाचे कारण म्हणून अरब घोडदळाकडे, ७३२ च्या प्वातिए येथील लढाईकडे बोट दाखविले होते. व्हाइट यांनी अरबांना बाजूस सारून त्या रिकाम्या जागी रिकीब आणून बसविली.

लेखन म्हणून हे प्रकरण अत्यंत देखणे आहे, हे आधीच मान्य केले पाहिजे. एखाद्या रहस्यकथेप्रमाणे एकेक धागा पुढे येतो आणि अखेरीस अपराधी सापडतो. तो अपराधी घोड्याच्या पोटाशी लोंबत असतो! आमची तक्रार नेमकी येथेच आहे. कथेला एक कारण पुरते. इतिहासाला पुरत नाही. पी. एच. सॉयर आणि आर. एच. हिल्टन यांनी १९६३ मध्ये ‘पास्ट अँड प्रेझेंट’ या नियतकालिकात या मांडणीवर झोड उठविली. १९७० मध्ये बर्नार्ड बॅक्रॅक यांनी उत्खननांचा हिशेब पुढे ठेवला: जर्मनीत १९६७ पर्यंत उकरलेल्या आठव्या शतकातील ७०४ पुरुषांच्या दफनांपैकी केवळ १३ मध्ये रिकिबी निघाल्या. पुढे १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईचे भरतकाम पाहावे, जे बायो येथे जपले आहे. त्यातील स्वारांचे पाय रिकिबीत आहेत. तरीही त्यांतील कित्येक जण भाला काखेत न दाबता डोक्यावर उगारून धरतात. मार्टेलनंतर तीन शतके उलटूनही!

आम्ही यात एक मराठी साक्ष जोडू इच्छितो. शिवछत्रपतींच्या घोडदळात शिलेदार स्वतःच्या घोड्यावर येई; बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. सभासदाच्या बखरीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, अशी रचना सांगितली आहे. महाराजांचा कल जमिनी तोडून देण्याकडे नव्हता, रोख वेतनाकडे होता. पाय ठेवायची रिकीब तीच, घोड्याचा खर्चही मोठाच. पण त्यातून येथे निघालेली व्यवस्था निराळी. लोखंडाच्या कड्यात सरंजामशाही दडलेली असती, तर ती सह्याद्रीतही त्याच रूपाने बाहेर पडावयास हवी होती. गंमत अशी की, नवे साधन दार उघडते, आत शिरण्याची सक्ती करीत नाही, अशा आशयाचे विधान व्हाइट यांनी याच ग्रंथात केले आहे. ग्रंथकाराला आपलेच वाक्य आठवले असते, तर पहिले प्रकरण कमी देखणे आणि अधिक खरे झाले असते.

चित्रकार आणि कथेकरी तर रिकीब कालाचा विचार न करताच वापरतात. रोमन साम्राज्यात रिकीब नव्हती. रोममधील मार्कस ऑरेलियसच्या ब्राँझच्या अश्वारूढ पुतळ्याचे पाय मोकळे लोंबतात. (हा पुतळा वितळविला गेला नाही, याचे श्रेय एका गैरसमजाला जाते: लोकांनी त्याला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन समजून सांभाळले.) तथापि चौथ्या शतकातील रोमन सैनिक असलेले तूरचे संत मार्टिन भिकाऱ्यासाठी झगा कापताना पुढच्या काळातील चित्रांत खुशाल रिकिबीत पाय रोवून बसतात. संत पौलांचे तर घोड्यावरून पडणेच चित्रकारांनी दिलेले. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात त्यांच्या परिवर्तनाची हकीगत तीन वेळा येते, आणि एकदाही घोडा येत नाही. काराव्हाजोच्या चित्रात मात्र घोड्यानेच बहुतेक जागा व्यापली आहे. चित्रकारावर आमचा राग नाही. चित्र पाहून आपण ग्रंथ वाचल्याचे समाधान मानतो, एवढेच खटकते.

रिकिबीला अर्थ माणसे देतात, याचा सर्वांत बोलका पुरावा ११५५ च्या जून महिन्यात सुत्री येथे मिळतो. राजा फ्रेडरिक बार्बारोसा याने पोप एड्रियन चौथे यांच्या घोड्याचा लगाम धरून चालावे आणि उतरताना रिकीब धरावी, असा रिवाज. त्याने नकार दिला; पोपनी शांतीचे चुंबन नाकारले. रिकीब धरणे म्हणजे संत पेत्राच्या वारसाचा आदर, की मांडलिकाची चाकरी? वाटाघाटींनंतर राजाने ती धरली आणि १८ जूनला त्याला सम्राटपदाचा मुकुट मिळाला. या रिवाजामागे ‘कॉन्स्टंटाइनचे दानपत्र’ उभे होते. कॉन्स्टंटाइनने पोप सिल्व्हेस्टर यांच्या घोड्याचा लगाम धरला, असे त्यात म्हटले होते. ते पत्र आठव्या शतकातील बनावट असल्याचे लोरेन्झो व्हाला यांनी १४४० मध्ये त्यातील लॅटिन भाषेवरूनच दाखवून दिले. हेच व्हाला पुढे पोपच्या सचिवालयात नेमले गेले, हे आवर्जून सांगावेसे वाटते.

खेळाच्या मैदानावरची कथा याहून शिकवणारी. चीनमध्ये चौथ्या शतकापासून रिकीब दिसते. परंतु तिचा पट्टा आखूड करून खोगिरावर वाकून बसण्याची पद्धत अमेरिकन जॉकी टॉड स्लोन याने १८९७ मध्ये इंग्लंडच्या शर्यतींत नेली, तेव्हा लोक हसले. २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ही बैठक रूढ झाली, त्या काळात तेथील शर्यतींची वेळ ५ ते ७ टक्क्यांनी सुधारली. घोडा खाली उसळतो, स्वार वर जवळजवळ स्थिर तरंगतो. एवढे कळावयास दीड हजार वर्षे लागली. उड्यांच्या स्वारीत हेच तत्त्व इटालियन घोडदळाच्या फेदेरिको काप्रिली याने शिकविले: पुढे झुका, पाठ मोकळी सोडा.

आणि येथे टॉल्स्टॉयची थोरवी जाणवते. ‘अॅना कारेनिना’ १८७५ ते १८७७ या काळात क्रमशः छापली गेली. काप्रिली तेव्हा शाळकरी वयाचा होता. शर्यतीत व्रॉन्स्की सर्वांच्या पुढे आहे, शेवटची चर तेवढी उरली आहे. फ्रू-फ्रू घोडी ती सहज ओलांडते. पण स्वार तिच्या गतीबरोबर राहत नाही, खोगिरात मागे बसतो, आणि तिची पाठ मोडते. घोडी म्हणजे अॅनाच, असे सांगून समीक्षक पुस्तक मिटतात. आम्हांस ही घाई व्हाइट यांच्या घाईसारखीच वाटते. प्रतीक होण्यापूर्वी ती एक जिवंत घोडी आहे आणि व्रॉन्स्कीची चूक ही निव्वळ स्वाराची चूक आहे, वीतभर हालचालीची. ती तशी असल्यामुळेच तो स्वतःला क्षमा करू शकत नाही; आधी संतापून पडलेल्या घोडीच्या पोटात लाथ मारतो, आणि मग कळते की उठण्याजोगे तिच्यात काही उरलेले नाही. तिला गोळी घालावयाचे ठरते. त्याला स्वतःला खरचटलेही नाही. प्रेक्षकांत अॅना व्रॉन्स्कीखेरीज कोणाकडेच पाहत नव्हती, आणि तिचा पती शर्यत सोडून तिच्याकडे पाहत होता.