डब्लिन येथील चेस्टर बीटी ग्रंथसंग्रह

आयर्लंडची राजधानी डब्लिन येथील चेस्टर बीटी ग्रंथसंग्रह हा दुर्मिळ हस्तलिखितें व धर्मकला यांचें संग्रहालय म्हणून विख्यात आहे. अमेरिकेंत जन्मलेले खाणमालक आल्फ्रेड चेस्टर बीटी (१८७५–१९६८) यांनीं तो जमविला व १९५० सालीं डब्लिनला नेला; २००० पासून तो तेथील किल्ल्याच्या आवारांत आहे. बीटी यांची पारख असामान्य होती, हें आम्ही प्रथमच मान्य करतों. आमचा आक्षेप आहे तो बाजारांतून साधनें गोळा करण्याच्या पद्धतीवर.

संत पौलाच्या पत्रांची पपायरसवरील पोथी घ्यावी. बहुतेक पंडित ती इ. स. २०० च्या सुमाराची मानतात. मूळ १०४ पानांपैकीं ८६ उरलीं. त्यांतील ५६ डब्लिनला, ३० अमेरिकेंत मिशिगन विद्यापीठांत. हा दुभंग काळानें केलेला नव्हे. विक्रेत्यांनीं पानें तुकड्यातुकड्यांनीं निरनिराळ्या गिऱ्हाइकांस विकलीं. फ्रेडरिक केन्यन यांनीं १९३६ सालीं सर्व पानांचा पाठ एकत्र छापला, हे त्यांचे उपकारच. परंतु पोथी सांपडली कोठें? मठांत, थडग्यांत, कीं उकिरड्यांत? विक्रेत्यांनीं निरनिराळीं स्थळें सांगितलीं. खात्रीचें एकही नाहीं. मग ती कोणाच्या वाचनांत होती, हें कशावरून ठरवावें? दप्तर कोणत्या गांवीं, कोणाच्या घरीं मिळालें हें टिपून ठेवण्याची आपल्याकडील संशोधकांची संवय किती मोलाची, तें येथें कळतें.

याच संग्रहांतील इब्न अल्-बव्वाब याच्या हातच्या कुराणाची गोष्ट निराळी. त्याच्या पुष्पिकेंत लेखकाचें नांव, बगदाद हें स्थळ व हिजरी ३९१ (इ. स. १०००–१००१) हें वर्ष आहे. कितीही हात बदलले तरी त्याची ओळख पुसली गेली नाहीं.

अकबरनाम्याची हानि आपणांस अधिक जवळची. सतराव्या शतकाच्या आरंभींच्या एका सचित्र प्रतीचा एक भाग लंडनला ब्रिटिश लायब्ररींत, दुसरा डब्लिनला, कांहीं सुटीं पानें अन्यत्र. अशा पोथींत चित्राच्या पाठीवर बहुधा फारसी मजकूर असतो. पान चौकटींत बसवून टांगलें कीं चित्र लोकांकडे व इतिहास भिंतीकडे! बीटी यांच्या भारतीय चित्रांची अर्नोल्ड व विल्किन्सन यांची त्रिखंडात्मक सूची (१९३६) व लीच यांची दोन खंडांची (१९९५) या दोन्ही परिश्रमपूर्वक केलेल्या आहेत. परंतु सूची म्हणजे पोथी नव्हे. केन्यन यांनीं पौलाच्या पत्रांसाठीं केलें तेंच येथें व्हावें: जेथें जेथें पान असेल तेथून त्याच्या दोन्ही बाजू घेऊन, मूळ अनुक्रमानें, ही प्रत एका ग्रंथांत छापावी.