‘जितके सूक्ष्म, तितके बळकट’ : एका सूत्राची चिकित्सा

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर मठारकाम केले जाते, ते केवळ शोभेसाठी नव्हे. हातोडीच्या ठोक्यांनी पत्रा कडक होत जातो. स्फटिकातील अणूंच्या ओळींचे स्थानभ्रंश, ज्यांस आपण वर्गात डिसलोकेशन म्हणतो, वाढतात, परस्परांत गुंततात आणि पुढील विरूपणास अडथळा करतात. टेलर, ओरोवान व पोलान्यी यांनी 1934 साली स्वतंत्रपणे मांडलेल्या स्थानभ्रंशाच्या संकल्पनेवरच पदवीस्तरावरील धातूंच्या आकार्यतेचे विवेचन उभे आहे.

नमुना मायक्रोमीटरच्या घरात आला की हे चित्र पालटते. उचिक व सहकाऱ्यांनी 2004 मध्ये निकेलचे सूक्ष्म खांब आयनांच्या झोताने कोरून दाबून पाहिले. व्यास घटला तसे बळ वाढले. ग्रीअर व निक्स यांनी सोन्याच्या खांबांसंबंधी दिलेले स्पष्टीकरण असे की, स्थानभ्रंश वाढण्यापूर्वीच जवळच्या पृष्ठभागातून निसटतात. शान, मायनर प्रभृतींनी 2008 मध्ये निकेलच्या खांबाचे असे रिते होणे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिले. तांबटाचा पत्रा गर्दीमुळे कडक, तर हा खांब दुष्काळामुळे!

येथवर वाद नाही. आक्षेप आहे तो यावरून व्यासालाच बळाचे कारण मानण्यास. कोरणाऱ्या गॅलियम आयनांनी खांबाचा पृष्ठभाग बिघडतो. तेव्हा मोजलेले बळ केवळ आकाराचे कसे म्हणावे? बेई व सहकाऱ्यांनी (2007) मॉलिब्डेनम मिश्रधातूचे खांब कोरलेच नाहीत. भोवतीचे निकेल-ॲल्युमिनियम रसायनाने विरघळवून ते मोकळे केले. व्यास कोणताही असो, हे खांब सैद्धांतिक बळाच्या जवळ पोहोचले. पुढे त्याच प्रकारचे, परंतु आधीच विरूपित केलेले खांब तपासले असता ते बरेच कमी ताणाला नमले. आकार तोच, बळ निराळे. निर्णायक ठरते ती आत किती स्थानभ्रंश आहेत ही गोष्ट. व्यास तिच्यावर मर्यादा घालतो, इतकेच.

तरीही अनेक चर्चासत्रांत हे सूत्र नियमासारखे सांगितले जाते आणि आलेखावर फक्त व्यास व बळ दाखविले जाते. कळवणच्या वर्गात सूक्ष्म खांब आणता येणार नाही. तांब्याची तार येते. लाल तापवून निवविलेली तार सहज वाकते, तीच मागेपुढे वाकविली की हट्टी होते. व्यास जवळपास तोच राहतो. हा प्रयोग आधी करावा, मग तो आलेख दाखवावा आणि नमुना कसा घडविला हेही त्याखाली लिहावे.