तापणे आणि फिरणे : लहान इंजिनांच्या मराठी परिभाषेचे परीक्षण

यांत्रिक परिभाषेची खरी कसोटी कोशाच्या पानावर लागत नाही; ती यंत्र चालविणाऱ्याच्या हाती लागते. या दृष्टीने बारामती व इंदापूर हे दोन तालुके अभ्यासकास विशेष उपयुक्त आहेत. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा भीमेतील फुगवटा आणि कालव्याबाहेरच्या विहिरी या तिहींमुळे पाणी उचलणारे यंत्र येथील शेतीचे अंगच बनले. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढील दशकांत डिझेल इंजिन मळ्यामळ्यांत पोहोचले. कालांतराने विजेच्या पंपाने त्याची जागा बव्हंशी घेतली. तथापि ते सर्वस्वी गेले नाही.

अशा इंजिनाविषयी दोन गोष्टी सतत जाणून घ्याव्या लागतात : ते किती तापले आहे आणि किती वेगाने फिरत आहे. या दोहोंसाठी लिखित मराठीने जे शब्द योजिले, ते कितपत कामास येतात?

प्रथम उष्णतेचा विचार करू. “इंजिन गरम होऊ देऊ नये” अशा धाटणीची सूचना भाषेच्या दृष्टीने निर्दोष, परंतु अर्थाच्या दृष्टीने सदोष होय. इंजिन गरम व्हावयासच हवे. ते फार थंड राहिल्यास इंधन नीट जळत नाही व सिलिंडरची झीज वाढते. मर्यादेपलीकडे तापल्यास वंगण पातळ होते आणि फुगलेला पिस्टन सिलिंडरला चिकटतो. म्हणजे येथे सांगावयाची असते ती मर्यादा, आणि ‘गरम’ हा एकच शब्द ती सांगू शकत नाही. वास्तविक मराठीजवळ कोमट, ऊन, कढत, उकळते अशी पाण्याच्या उष्णतेची चढती श्रेणी सिद्ध आहे. जलशीत इंजिनातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर हात धरून पाहणाऱ्यास ती अनायासे समजते. लिखित भाषेने या श्रेणीचा उपयोग करू नये, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

गतीच्या बाबतीत गोंधळ याहून अधिक आहे. शालेय भौतिकशास्त्रात ‘चाल’ व ‘वेग’ यांत भेद केला जातो आणि तेथे तो आवश्यकही आहे. परंतु इंजिनाच्या संदर्भात दोन्ही शब्द अपुरे पडतात, कारण मोजावयाची असते ती मिनिटातील फेऱ्यांची संख्या. तिच्यासाठी ‘आवर्तने’ हा शब्द शास्त्रीय कानास गोड वाटेल. मात्र कालव्याच्या मुलखात ‘आवर्तन’ म्हणजे कालव्याला ठरावीक काळासाठी सुटणारे पाणी. “इंजिनाची आवर्तने वाढली” हे वाक्य येथे हास्यास्पद ठरेल. ‘फेरे’ हा शब्द साधा, नेमका व सर्वपरिचित असून त्यास ग्राम्य समजण्याचे कारण नाही.

म्हणून बोलीच सर्वत्र पुरेशी आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात हात फार वेळ ठेवता येत नाही. ७० व ९५ अंशांतील फरक हातास कळणेच शक्य नाही. जेथे हाताचे मापन संपते, नेमका तेथेच धोका सुरू होतो. कानाचेही तसेच. पंपाचे पाणी तुटले की आवाज हलका होतो, आणि पंपाचेच पाणी इंजिन थंड राखीत असेल तर त्याच क्षणापासून इंजिन तापू लागते. जाणत्या कानास ही सूचना मिळते. परंतु सावकाश वाढलेले फेरे कानास कळत नाहीत. १५०० फेऱ्यांचे १६५० झाले, तर सेंट्रिफ्यूगल पंपास लागणारी शक्ती सुमारे एकतृतीयांशाने वाढते, कारण ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. तेथे आकडाच हवा. तापमान मोजणारे व फेरे मोजणारे संवेदक आज लहान इंजिनासही बसविता येतात. पण त्यांनी दाखविलेल्या आकड्याचा अर्थ सांगणारे वाक्य नसेल, तर तो आकडा मुकाच राहतो.

१९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषेचे जे कार्य केले, त्याचे मोल यामुळे उणे होत नाही. अध्यापनास एकार्थी संज्ञा लागतातच. दोष आहे तो त्या संज्ञा जशाच्या तशा मळ्यात नेण्याचा. तेथे संख्येस अनुभवाची जोड द्यावी : अमुक अंश, म्हणजे हात धरवणार नाही इतके कढत, इतके फेरे, आणि त्याहून अधिक नकोत. अशा वाक्यात कोश व बोली परस्परांस पूरक होतात. परिभाषेचे यश शब्दांच्या संख्येवर न मोजता, वेळीच बंद केलेल्या इंजिनावर मोजणे अधिक योग्य होय.