ढालीची मागची बाजू

आपल्यापैकी अनेकांच्या दिवाणखान्यात पितळी ढाल-तलवार असते. दोह्यातल्या आमच्या घरीही आहे. शिवजयंतीच्या नाचासाठी मुलीने ती खाली काढली, उलटी केली आणि विचारले, "बाबा, ही धरायची कशी?" मागे फक्त खिळ्याला अडकवायची कडी होती!

खरी ढाल अशी नसे. म्हशीचे किंवा गेंड्याचे जाड कातडे भिजवून, खरवडून, ओले असतानाच घुमटासारखा आकार देऊन वाळवत. वर रोगणाचे हात. गेंड्याचे कातडे नीट घासले की उजेडात मधासारखे पारदर्शक दिसे. ('गेंड्याची कातडी' आपण उगाच शिवीत घातली!) समोरच्या चार फुल्या आपण नक्षी समजतो. पण त्या खिळ्यांची डोकी. मागच्या कड्या त्यांनीच धरलेल्या. कड्यांत हाताचे पट्टे आणि मध्ये गादी, म्हणजे घाव बसला तरी बोटांची हाडे शाबूत. आम्ही संगणकवाले ज्याला उत्तम डिझाइन म्हणतो, ते याहून वेगळे काय?

माझी तक्रार आहे ती आपल्या पाहण्याबद्दल. संग्रहालयात ढाल बहुधा भिंतीला टेकवलेली. मागची बाजू दिसतच नाही. एम.एस.च्या दिवसांत ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात गेलो होतो. हटन आणि मिल्स या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी नागा टेकड्यांतून जमवलेल्या असंख्य वस्तू तिथे आहेत. जमवणाऱ्यांची नावे जगाला ठाऊक आहेत. नागांची ती उंच, चामड्याची ढाल घडवणाऱ्याचे नाव मात्र कोणाला ठाऊक?

पण साहेबाला नावे कशाला ठेवायची? २०२४ मध्ये लंडनहून वाघनखे साताऱ्यात आली, तेव्हा ती कोणी वापरली यावर आपण हिरिरीने भांडलो. ती कोणी घडवली, हे फारसे कोणी विचारले नाही. ढालीचेही तेच. खोगिरे, म्याने, ढाली करणारे जिनगर आणि कातडे कमावणारे हात यांच्या जिवावर लढाया झाल्या. पोवाड्यात जागा मिळाली ढाल धरणाऱ्याला. कातडे कमावणाऱ्याला गावाने वेशीबाहेर ठेवले. ही गोष्ट आपण मुलांना सांगत नाही, कारण ती भिंतीवर शोभत नाही.

पुढच्या शिवजयंतीला मंडळाने शस्त्रांचे छोटे प्रदर्शन मांडले, तर एवढेच करूया: ढालीमागे एक आरसा ठेवूया. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर त्यात दिसेल, आणि कदाचित आपलाही चेहरा.